सात गुणांचा फरक नेमका कशाचा?

सर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवता आणि नोकरी सांभाळून पीएच.डी. करता. दहावीच्या दोन तुकड्या, दोन्हीत चाळीस-चाळीस मुले. ‘अ’ तुकडीला विद्युत हा धडा व्हिडिओ आणि संध्याकाळच्या ऑनलाइन तासांतून शिकवलात, ‘ब’ तुकडीला नेहमीसारखा फळ्यावर. ऑनलाइनवाल्यांनी चाचणी घरूनच गूगल फॉर्मवर दिली, तीही २८ जणांनीच. वर्गातल्या चाळीसही जणांनी ती शाळेत बसून कागदावर सोडवली. शंभरपैकी सरासरी ऑनलाइनची ६८, वर्गाची ६१, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले ते) दोन्हीकडे १५ च्या आसपास. मार्गदर्शकांचे म्हणणे, ऑनलाइन अध्यापन अधिक परिणामकारक ठरले असा निष्कर्ष लिहा आणि वजन यावे म्हणून बोर्डाचे गुणही जोडा. तुम्हाला ते पटत नाही, आणि मुलांची कामगिरी मोजायची तरी कशी, असे तुम्ही विचारता.

पटत नाही हे बरेच झाले. शिक्षणशास्त्राचे प्रबंध तपासताना हा नमुना माझ्यासमोर वारंवार येतो. तुलना दोन अध्यापन पद्धतींची म्हणून लिहिलेली असते, प्रत्यक्षात ती दोन वेगवेगळ्या परीक्षांची आणि दोन वेगवेगळ्या मुलांच्या गटांची असते. तुमच्या सात गुणांत शिकवण्याचा वाटा किती, हे हाती असलेल्या माहितीवरून काढता येणार नाही. का, ते बघू.

पहिली गोष्ट परीक्षेची. घरी बसून गूगल फॉर्म भरणाऱ्या मुलाजवळ पुस्तक आहे, मोठी बहीण आहे, दुसऱ्या खिडकीत गूगल आहे, आणि व्हॉट्सअॅपवर आधी फॉर्म भरलेला मित्रही आहे. वर्गातल्या मुलासमोर तुम्ही उभे आहात. ‘ओहमचा नियम लिहा’ या प्रश्नाला पहिल्याला पूर्ण गुण पडले, तर त्यातून फोन चालू होता एवढेच कळते. देखरेखीने गुण किती हलतात हे आपल्याच राज्यात दिसले आहे. २०२३ मध्ये एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या बोर्ड परीक्षेचा, निकाल ८३.८९ टक्के होता. २०२४ मध्ये परीक्षा केंद्रांवर कॅमेरे आणि वेबकास्टिंग आले, आणि सवलतीचे गुण वाढवूनही निकाल ७३.४० टक्क्यांवर उतरला. एका वर्षात राज्यभरचे शिक्षक एकदम वाईट शिकवायला लागले, असे कोणी म्हणणार नाही.

म्हणून नियम एकच. शिकवणे कुठेही होवो, मोजणे एकाच ठिकाणी, एकाच दिवशी, एकाच कागदावर, एकाच देखरेखीखाली. ऑनलाइन गटालाही शाळेत बोलवायचे. चाचणी मोबाईलवरच घ्यायची असेल तर दोन्ही गटांची मोबाईलवर घ्या, खरं मी ते सुचवणार नाही. पाच इंची पडद्यावर विद्युत मंडलाची (सर्किटची) आकृती बोटाने मोठी करून बघणारा मुलगा आणि कागदावर पेन्सिलने खुणा करत विचार करणारा मुलगा, दोघे एकच प्रश्न सोडवत नसतात.

दुसरी गोष्ट गळतीची, आणि माझ्या मते तुमच्या आकड्यांत सगळ्यात मोठी गोम इथेच आहे. चाळीसपैकी बारा मुले शेवटच्या चाचणीला नाहीत. ती बारा कोण? तुमच्या तालुक्यात याचे उत्तर नकाशावर बोट ठेवूनही देता येईल. जांबोटी, कणकुंबी, गुंजी, लोंढा या जंगलपट्ट्यात रेंज मिळवायला टेकाड चढावे लागते. पावसाळ्यात वीज गेली की कधी येईल ते सांगता येत नाही. फोन घरात एकच, तो वडिलांसोबत बेळगावला कामावर. त्यात भावंडे दोन असली तर ज्याची दहावी त्याला फोन, हे खरे असले तरी फोन घरी आल्यावरच. ही बारा मुले सरासरीपेक्षा मागे असण्याची शक्यता दाट आहे. ती वजा झाली की उरलेल्यांची सरासरी कोणी काहीही न शिकवताही वर जाते. पूर्वचाचणी घेतली असेल तर आजच एक काम करा: या बारा जणांचे पूर्वचाचणीचे गुण आणि उरलेल्या २८ जणांचे गुण शेजारी शेजारी लिहा. तेवढ्याने बऱ्याच गोष्टी उघड होतील.

पुढच्या वेळी हिशेब दोनदा मांडा. एकदा ज्या गटात मूल घातले त्याच गटात ते मोजायचे, ते तासाला आले असो वा नसो. दुसऱ्यांदा जी मुले खरोखर शिकली त्यांचेच. पहिला आकडा सांगतो की उद्या शाळेने ही पद्धत लागू केली तर काय होईल. दुसरा सांगतो की पद्धत मुलापर्यंत पोचली तर काय होते. खानापूरसारख्या ठिकाणी या दोहोंतले अंतर हाच तुमच्या प्रबंधातला सगळ्यात मोलाचा शोध ठरू शकतो. वर्गातल्या गटालाही हाच न्याय लावा. रोप लावणीच्या दिवसांत किती बाकडी रिकामी असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि लॉगिन झाले म्हणजे हजेरी, असे धरू नका. नाव झळकते, कॅमेरा बंद, मूल गोठ्यात. व्हिडिओच्या मध्येच एक-दोन छोटे प्रश्न टाका आणि त्यांची उत्तरे आली तरच हजेरी धरा.

मुळात ‘अ’ आणि ‘ब’ तुकड्या सारख्या होत्या का? कित्येक शाळांत नववीच्या गुणांवर तुकड्या पडतात, कुठे इंग्रजी-कन्नडच्या सोयीने पडतात, कुठे फोन आहे त्यांनाच ऑनलाइन गटात घेतले जाते. सेतुबंधाच्या (वर्षाच्या सुरुवातीच्या उजळणीच्या) पूर्वचाचणीचे गुण शाळेत तयार असतात, तेच आधाररेषा म्हणून घ्यावेत असा मोह होतो. घेऊ नका. ती चाचणी प्रत्येक शिक्षक आपापल्या हाताने तपासतो आणि तिचा हेतू निदानाचा असतो. तुमच्याच धड्याला लागणारी पूर्वतयारी तपासणारी वीस-पंचवीस गुणांची स्वतंत्र चाचणी काढा: विद्युतप्रभाराची कल्पना, साधे मंडल, आलेख वाचणे, अपूर्णांकांची बेरीज. समांतर जोडणीतला रोध काढताना अर्धी मुले भौतिकशास्त्रात अडकत नाहीत, अपूर्णांकात अडकतात. पूर्वचाचणीचे गुण सहचल म्हणून घेऊन सहप्रसरण विश्लेषण करा, म्हणजे मुळातला फरक हिशेबात धरून तुलना होते. नुसता टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांची सरळ तुलना) लावला की मुळातला फरक पद्धतीच्या खात्यावर जमा होतो.

आता बोर्डाचे गुण. मार्गदर्शकांना नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणा. विज्ञानाच्या शंभरपैकी २० गुण अंतर्गत, म्हणजे आपणच दिलेले. त्यात मुलामुलांत फरक जवळपास नसतोच. उरलेले ८० संपूर्ण वर्षाचे, सगळ्या धड्यांचे. तुमच्या एका धड्याचा परिणाम त्यात कुठे शोधणार? मागच्या वर्षांशी तुलना तर अजिबात नको. कोरोनामुळे २०२१ ची एसएसएलसी १९ आणि २२ जुलैला, दोनच दिवसांत, बहुपर्यायी प्रश्नांवर आणि ओएमआर (गोल काळे करायच्या) कागदावर झाली आणि जवळजवळ सगळी मुले उत्तीर्ण झाली. सगळेच छताला टेकले की उंच कोण आणि बुटका कोण ते दिसत नाही. त्या वर्षाचे गुण घेऊन ऑनलाइन वर्षात मुले अधिक शिकली असे लिहिलेले प्रबंध मी वाचले आहेत. उलट बाजूचेही वाचले आहेत.

त्या उलट बाजूविषयी थोडे जास्त बोलतो, कारण तुमच्या संदर्भ साहित्यात ते नक्की येणार. अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी २०२१ मध्ये कर्नाटकासह पाच राज्यांतल्या ४४ जिल्ह्यांत, १,१३७ सरकारी शाळांतल्या १६,०६७ मुलांचा अभ्यास केला. मागच्या इयत्तेत येत असलेली निदान एक भाषिक क्षमता ९२ टक्के मुलांनी गमावली होती, गणितातली ८२ टक्क्यांनी. हे आकडे ऑनलाइन शिक्षण अपयशी ठरल्याचा पुरावा म्हणून सर्रास दिले जातात. त्या अभ्यासाने मोजले ते कोरोनाकाळात शाळा बंद राहिल्याचे परिणाम. त्यातल्या किती मुलांपर्यंत ऑनलाइन तास पोचला होता? शिवाय शाळा बंद होतानाची मुलांची पातळी शिक्षकांच्या आकलनावरून ठरवली होती, त्या वेळी घेतलेल्या चाचणीवरून नव्हे. परिस्थितीच तशी होती, त्यात दोष काढण्यासारखे काही नाही, पण संदर्भ देताना हे लिहायला हवे.

आणि आपल्याकडचे ते वर्ष तरी कुठे निखळ ऑनलाइन होते? ऑगस्ट २०२० मध्ये विद्यागम सुरू झाले, शिक्षक देवळाच्या ओवरीत आणि झाडाखाली मुलांना गोळा करून शिकवू लागले. ऑक्टोबरात ते थांबवले, जानेवारीत दहावीचे वर्गच भरले. मध्ये दूरदर्शनच्या चंदना वाहिनीवरचे पाठ होते, पण ती वाहिनी कन्नड, आणि तुमची मुले मराठी माध्यमाची. जोडीला व्हॉट्सअॅपवरचे स्वाध्याय. या सगळ्या खिचडीवर ‘ऑनलाइन गट’ अशी चिठ्ठी चिकटवली की तुलना तिथेच संपते. घाईगडबडीत उभे केलेले दूरस्थ शिकवणे आणि नीट आखलेले ऑनलाइन शिक्षण या दोन गोष्टी वेगळ्या मानाव्यात, असे २०२० मध्येच संशोधक चार्ल्स हॉजेस आणि सहकाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. तुमच्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणातच हा फरक स्पष्ट करा.

जगभरच्या अभ्यासांबद्दल फार लिहीत नाही, तीनच गोष्टी सांगतो. शिक्षण-संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये म्हटले की माध्यम हे नुसते वाहन आहे. किराणा आणणाऱ्या ट्रकमुळे घरच्यांचे पोषण बदलत नाही, बदलते ते मालामुळे. हा वाद अजून मिटलेला नाही, पण तुमच्या संशोधनाला त्याने चांगली शिस्त लागेल. अमेरिकेच्या शिक्षण खात्यासाठी बार्बरा मीन्स आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१० मध्ये सुधारून निघालेल्या विश्लेषणात ऑनलाइनची बाजू थोडी वरचढ निघाली. तो फायदा मुख्यतः ऑनलाइन आणि प्रत्यक्ष यांच्या मिश्रणाचा होता, निव्वळ ऑनलाइनचा नगण्य. ऑनलाइनवाल्यांना बऱ्याचदा जास्त वेळ आणि जास्त साहित्य मिळाले होते, हे त्यांनी स्वतःच बजावले. शाळकरी मुलांवरचे अभ्यास त्यात अगदी मोजके. याउलट अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत २०२० मध्ये विद्यार्थ्यांना यादृच्छिक पद्धतीने ऑनलाइन आणि वर्गात विभागून अर्थशास्त्र शिकवले, तेव्हा ऑनलाइनवाल्यांचे गुण प्रमाण विचलनाच्या सुमारे ०.२ पटीने खाली आले, आणि मुळात कच्च्या विद्यार्थ्यांना फटका जास्त बसला. शिस्त, जेवण, इंटरनेट सगळे सारखे असलेल्या जागी हे घडले. जिथे रेंजच सारखी नाही तिथे हा आकडा जसाच्या तसा उचलून आणू नका.

माल आणि वेळ सारखे ठेवणे आपल्या सीमाभागात जरा जास्त अवघड आहे. यूट्यूबवर मराठीतले विज्ञानाचे चांगले व्हिडिओ बहुतांश महाराष्ट्र बोर्डाचे, बालभारतीच्या पुस्तकावर बेतलेले असतात. तुमची मुले कर्नाटकाच्या मराठी पुस्तकातून शिकतात. धड्यांचा क्रम वेगळा, खोली वेगळी, काही संज्ञाही वेगळ्या. तसे व्हिडिओ वापरले असतील तर ऑनलाइन गट वेगळा अभ्यासक्रम शिकला आणि तुम्ही त्याची दुसऱ्याच मजकुरावर परीक्षा घेतली. व्हिडिओ स्वतः बनवा, वर्गात जी उदाहरणे देता तीच त्यात द्या, आणि दोन्ही गटांच्या मिनिटांची नोंद ठेवा. व्हिडिओ तीनदा बघणाऱ्या मुलाला दुप्पट-तिप्पट वेळ मिळतो. हा ऑनलाइनचा खरा गुण आहे, तो लपवू नका, वेगळा मोजा.

प्रश्नपत्रिकेवर मात्र मनापासून वेळ घाला, बाकीचे सगळे तिच्यावर उभे आहे. पाठांतराचे प्रश्न पाव हिश्श्याहून जास्त नकोत. उरलेले असे असावेत: विभवांतर आणि विद्युतधारेचे दोन आलेख देऊन कोणत्या तारेचा रोध जास्त ते कारणासह सांगा, दोन दिवे एकसर जोडले, मग समांतर जोडले, कधी जास्त उजळतील आणि का, एक दिवा काढला तर दुसऱ्याचे काय होईल. अशा प्रश्नांत व्हिडिओ बघून ‘समजले’ वाटलेला मुलगा आणि खरोखर समजलेला मुलगा वेगळे पडतात. छापण्याआधी तीन-चार मुलांना प्रश्न मोठ्याने वाचायला लावा आणि काय विचारले आहे ते त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. कोणाच्या घरी कोकणी, कोणाच्या कन्नड, कोणाच्या उर्दू. प्रश्न भाषेवर अडला तर तुम्ही विज्ञान मोजत नाही.

मग प्रायोगिक (पायलट) चाचणी, मुख्य तपासणीच्या आधी, दुसऱ्या शाळेतल्या मुलांवर. प्रत्येक प्रश्नाची काठिण्यपातळी काढा. नव्वद टक्क्यांना आलेला किंवा कोणालाच न आलेला प्रश्न गाळा. वरच्या २७ टक्के आणि खालच्या २७ टक्के मुलांची तुलना करून भेदनक्षमता (प्रश्न हुशार आणि कच्च्या मुलांना किती वेगळे पाडतो ते) काढा, ०.२ च्या खालचे प्रश्न सहसा टाकून द्या. विश्वसनीयता गुणांक, म्हणजे चाचणीचे गुण किती भरवशाचे त्याचे माप, निदान ०.७ हवा. हे न करता नुसते ‘तज्ज्ञांकडून आशयाची वैधता तपासली’ असे वाक्य लिहिलेले प्रबंध ढीगभर आहेत. ते तज्ज्ञ म्हणजे बहुधा स्टाफरूममधले दोन सहकारी असतात.

हाताचे कौशल्य वेगळे मोजा, लेखी गुणांत मिसळू नका. अमीटर एकसर जोडला का, व्होल्टमीटर समांतर जोडला का, जोडणी होईपर्यंत कळ उघडी ठेवली का, टोके बरोबर का, लघुतम माप धरून वाचन घेतले का, अशी होय-नाहीची यादी करा. दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे भरावी आणि त्यांचा मेळ, योगायोगाने जुळलेला भाग वजा करणाऱ्या कप्पा गुणांकाने तपासावा. ऑनलाइन शिकलेल्या मुलांचे लेखी गुण बरोबरीचे आणि हात मात्र कच्चे, असे निघाले तर त्या निष्कर्षाला अर्थ आहे. लेखी उत्तरपत्रिकांवर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक घाला आणि तपासायला दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकाला द्या. आपण घाम गाळून व्हिडिओ बनवलेले असतात. हात नकळत सैल पडतो.

मुलांना आवडले का, याची प्रश्नावली जरूर घ्या, पण तिला कामगिरी म्हणू नका. हार्वर्डमध्ये २०१९ च्या एका प्रयोगात भौतिकशास्त्राच्या ज्या वर्गात विद्यार्थी जास्त शिकले, तिथेच त्यांना आपण कमी शिकलो असे वाटले होते.

आता आकडेमोड. तुमच्या ६८ आणि ६१ मधल्या फरकाची प्रमाणत्रुटी (योगायोगाने तो किती हलू शकतो त्याचे माप), प्रमाण विचलन १५ धरून, साधारण ३.७ येते. म्हणजे ९५ टक्के विश्वासमर्यादा उणे ०.४ पासून १४.४ पर्यंत. शून्य त्या मर्यादेत बसते, म्हणजे खरा फरक शून्यही असू शकतो. प्रभाव आकार (प्रमाण विचलनाच्या पटीत मोजलेला फरक) सुमारे ०.४७ येतो, कागदावर मध्यम दिसतो, पण तो वरच्या सगळ्या गडबडींसह. शिवाय एका वर्गातली मुले एकमेकांसारखी असतात, त्यामुळे चाळीस मुले म्हणजे चाळीस स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत. वर्गांतर्गत सहसंबंध (या सारखेपणाचे माप) ०.२ धरला तर चाळीसच्या वर्गासाठी अभिकल्प परिणाम, म्हणजे मुलांच्या संख्येला ज्याने भागायचे तो आकडा, १ + ३९ × ०.२, म्हणजे ८.८. एका वर्गाचे वजन चार-पाच मुलांइतकेच उरते. दोन तुकड्यांवर पद्धतीचा फैसला होत नाही तो याच कारणाने.

मग एका शाळेत बसून करायचे काय? गटांची अदलाबदल. विद्युत हा धडा ‘अ’ ला ऑनलाइन आणि ‘ब’ ला वर्गात, पुढचा प्रकाशाचा धडा ‘ब’ ला ऑनलाइन आणि ‘अ’ ला वर्गात. प्रत्येक मुलाला दोन्ही पद्धती मिळतात, शिक्षक तोच राहतो, तुकडीतला मुळातला फरक बराचसा कटतो, आणि ‘आमच्याच पोराला मोबाईलवर का’ म्हणून पालक दारात उभे राहत नाहीत. तालुक्यातल्या आणखी तीन-चार शाळा जोडल्या आणि कोणत्या शाळेने कोणत्या धड्यापासून सुरुवात करायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवले, तर परीक्षकांना बोलायला जागा उरणार नाही. परवानगी हेडमास्तरांची, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयाची आणि पालकांची लेखी, पालकांची मराठीतून. वेळापत्रक करताना जुलैतल्या पावसाच्या सुट्ट्या आणि गणपती बघून घ्या. एक धडा जुलैत आणि दुसरा डिसेंबरात झाला तर तुम्ही ऋतूंची तुलना कराल. प्रत्येक धड्यानंतर लगेच एक चाचणी आणि पाच-सहा आठवड्यांनी, आगाऊ न सांगता, तिचीच समांतर दुसरी चाचणी घ्या. लगेचच्या चाचणीत दिसलेला फरक बऱ्याचदा दुसरीत विरून जातो, क्वचित उलटाही होतो.

हाती असलेली माहिती फेकू नका. तिला प्रायोगिक (पायलट) अभ्यास म्हणा, प्रश्नांची काठिण्यपातळी ‘ब’ तुकडीच्या कागदी उत्तरांवरून काढा, आणि त्या बारा मुलांच्या घरी जाऊन कोणत्या दिवशी कशामुळे तास चुकला ते विचारून लिहून काढा. गूगल फॉर्मचे गुण परिशिष्टात राहू द्या, मुख्य तक्त्यात नकोत. मार्गदर्शक अडून बसले तर विश्वासमर्यादेचा हिशेब त्यांच्यासमोर कागदावर करून दाखवा. आकडा डोळ्यांनी दिसला की वाद निम्मा कमी होतो, आणि उरलेला निम्मा तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक काय विचारतील ते सांगितल्यावर.